डिकीतला सबवूफर पोकळ का वाजत होता : सांगलीतील एका कार ऑडिओ दुकानाचा अनुभव

विश्रामबागेतून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका आतल्या गल्लीत गाड्यांच्या ध्वनियंत्रणेचे काम करणारे एक छोटे दुकान आहे. काम एकट्या माणसाच्या हातावर चालते आणि गर्दी झाली की ते मनासारखे होत नाही, म्हणून आपले नाव कुठे लिहू नये अशी दुकानदारांची इच्छा आहे. ती मी पाळतो. त्यांनी माझ्या गाडीवर केलेले काम मात्र सविस्तर लिहिण्यासारखे आहे. डिकीत सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, बसवूनही बेस लागत नाही, ही तक्रार आपल्याकडे सर्रास ऐकू येते आणि तिच्यावर औषधही ठरलेले असते, ते म्हणजे मोठा अ‍ॅम्प्लिफायर. या दुकानाने मला अ‍ॅम्प्लिफायर विकला नाही, वूफरही विकला नाही, आणि तरीही तक्रार मिटवली.

माझी गाडी सेडान आहे. डिकीत १८ मिलिमीटर एमडीएफच्या बंद पेटीत १२ इंची सबवूफर, त्याला ४ ओहमच्या दोन कॉइल (तारेची वेटोळी; ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप), आणि सोबतीला एक मोनो अ‍ॅम्प्लिफायर, ज्याच्या माहितीपत्रकात २ ओहमला ३०० वॉट आरएमएस आणि ४ ओहमला १८० वॉट असे आकडे आहेत. हे सगळे फिटिंग जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी झाले होते. डिकी उघडून मागे उभे राहिले की ठोका भरीव वाटे. आत येऊन चालकाच्या जागेवर बसले की तोच ठोका पोकळ होई. आवाज वाढवला तर खोली वाढत नसे, नंबर प्लेट मात्र खडखडत असे. आधी जिथे चौकशी केली तिथे पेटीकडे न पाहताच ‘हजार वॉटचा घाला’ असे सांगण्यात आले होते. खोक्यावर छापलेला हजाराचा आकडा बहुधा क्षणिक कमाल शक्तीचा असतो आणि सलग मिळणारी आरएमएस शक्ती त्याच्या कितीतरी खाली असते. शिवाय शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट मोठा वाटायचा तर साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. हे गणित कुणी सांगत नाही.

बेस म्हणजे काचा हादरवणे असा समज आहे, म्हणून माझी अपेक्षा काय होती तेही सांगतो. मला पखवाज ऐकायचा असतो, आणि त्याच्या डाव्या पुडीवर कणीक थापून जो गंभीर स्वर काढतात तो दरवाज्यातल्या साडेसहा इंची स्पीकरांना पेलत नाही. डग्ग्यावरची मनगटाची घसट खाली उतरत जाते आणि अर्ध्या वाटेत नाहीशी होते. तंबोऱ्याबाबत कान फसतो. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झ असतो. तो स्पीकरमधून आलाच नाही तरी वरच्या स्वरांवरून आपला कान त्याची भरपाई करून घेतो. त्यामुळे तंबोरा ऐकताना यंत्रणेत काही कमी आहे हे लक्षातही येत नाही. पखवाज मात्र ते उघडे पाडतो. मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ज्या भागात हे तंबोरे घडतात तिथल्या माणसाने गाडीतल्या खर्जाबद्दल आग्रह धरला तर तो चोखंदळपणाचा अतिरेक ठरू नये.

दुकानदारांनी गाडी आत घेतल्यावर बराच वेळ पान्याला हात लावला नाही. त्यांनी आधी सगळ्या जागांवर बसून ऐकले, मग डिकी बंद ठेवून, मग उघडून, मग मागच्या सीटची पाठ पाडून. मी अ‍ॅम्प बदलण्याचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “काका, अ‍ॅम्पवर खर्च करायची घाई नको. आधी पाणी कुठं मुरतंय ते बघू.” त्यांचे पुढचे सगळे काम या एका वाक्याला धरून झाले.

पहिली गळती स्टिरिओच्या पडद्यावरच सापडली. सबवूफरसाठीचा लो-पास फिल्टर (ठरलेल्या हर्ट्झच्या वरचा आवाज अडवणारा) स्टिरिओत ६० हर्ट्झला लावलेला होता आणि अ‍ॅम्पवरचा त्याच कामाचा फिल्टरही ८०च्या आसपास चालू होता, म्हणजे एकाच आवाजाला दोनदा कात्री लागत होती. दुसरीकडे दरवाज्यांच्या स्पीकरांना हाय-पास फिल्टर (ठरलेल्या हर्ट्झच्या खालचा आवाज अडवणारा) लावलेलाच नव्हता; जो खालचा आवाज त्यांना झेपत नाही तोही काढण्यासाठी ते धडपडत होते आणि फाटत होते. पखवाजाचे आणि खर्जाचे जे मुख्य क्षेत्र, साधारण ६० ते ९० हर्ट्झचे, तिथे धड ना वूफर ना दरवाजा अशी अवस्था होती. त्यांनी स्टिरिओतला सबवूफरचा फिल्टर बंद केला, अ‍ॅम्पवरचा ८० हर्ट्झला ठेवला आणि दरवाज्यांना ८०चा हाय-पास लावला. अ‍ॅम्पवरची बेस बूस्टची कळ पूर्ण उजवीकडे फिरवलेली होती, तीही शून्यावर आणली. आधीच आवाज कमी असताना ही कळ उतरवणे मला उलटे वाटले, पण कारण पटण्यासारखे होते. ती कळ ४५ हर्ट्झला १२ डेसिबलची वाढ मागते, म्हणजे त्या स्वराला सुमारे सोळापट शक्ती मागते. अ‍ॅम्पकडे ती नसते, लहरीचा माथा छाटला जातो, आणि आपण ज्याला बेस समजतो तो नुसता फाटलेला आवाज असतो.

दुसरा दोष मोठा होता, आणि तो त्यांनी पेटी न उघडता पकडला. अ‍ॅम्पकडून येणाऱ्या तारा पेटीच्या पाठीमागच्या टर्मिनलवरून सोडवल्या, मल्टिमीटर ओहमवर ठेवला आणि दोन्ही टोके टर्मिनलला लावून मला आकडा वाचायला सांगितला. आकडा ७.१ होता. ४ ओहमची कॉइल स्थिर असताना मीटरवर साधारण साडेतीन ओहम दाखवते, म्हणून दोन कॉइल समांतर जोडलेल्या असत्या तर आकडा दोनच्या आत आला असता. सात याचा अर्थ दोन्ही एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेल्या होत्या आणि अ‍ॅम्पला ८ ओहमचा भार दिसत होता. २ ओहमला ३०० वॉट देणारा अ‍ॅम्प ८ ओहमला जेमतेम ९० वॉट देतो. सुमारे ५ डेसिबल तिथेच गेले होते. यात अ‍ॅम्पचा काही दोष नाही, वूफरचाही नाही. आणि हजार वॉटचा नवा अ‍ॅम्प आणून त्याच जोडणीवर लावला असता तर त्याचीही शक्ती अशीच आटली असती. अ‍ॅम्प कमी तापावा म्हणून काही ठिकाणी मुद्दाम सिरीज जोडणी करतात, असे ते म्हणाले. ज्या अ‍ॅम्पला २ ओहम पेलत नाही त्याच्यासाठी समांतर जोडणी घातक ठरते, हेही खरे आहे, म्हणून माहितीपत्रक वाचल्याखेरीज हा बदल कुणी घरी करू नये.

पेटीतून वूफर बाहेर काढल्यावर त्यांनी जे केले ते पाहत राहण्यासारखे होते. खिशातला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल काढला, दोन तारांनी एका कॉइलच्या टोकांना क्षणभर टेकवला. कोन, म्हणजे वूफरचा पुढेमागे हलणारा शंकूसारखा भाग, हलकेच पुढे सरकला आणि सेल काढताच परत बसला. मग दुसऱ्या कॉइलला तसेच केले, कोन पुन्हा पुढेच आला. दोन्ही कॉइलची दिशा एकच आहे याची ही खात्री होती, कारण एक कॉइल उलटी जोडली गेली तर दोघी एकमेकींना रोखतात आणि कोन जागच्या जागी थिजतो. खात्री झाल्यावर समांतर जोडणी केली आणि मीटरवर १.८ दाखवले. वूफर पुन्हा बसवून ३० हर्ट्झचा स्वर मंद लावला आणि पेटीच्या सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवली. सगळीकडे धूर सरळ वर जात होता, टर्मिनलच्या कडेला मात्र तो फुरफुरला. बंद पेटीत हवा कोंडलेली राहणे हाच वूफरचा आधार असतो, म्हणून तिथे फोमची पट्टी बसवली. गळती किरकोळ होती, पण तिच्याकडे दुर्लक्ष झाले नाही.

जोडणी सुधारताच बेस वाढला. मी तेवढ्यावर समाधान मानले असते. ते मात्र म्हणाले की आता अ‍ॅम्प आधीच्या तिप्पट प्रवाह ओढणार, तेव्हा वायरिंगची खरी परीक्षा आत्ता आहे. इंजिन चालू ठेवून, जोरकस बेस लावून बॅटरीवर मोजले तर १४.१ व्होल्ट, त्याच वेळी डिकीत अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर १२.० व्होल्ट. मधले २.१ व्होल्ट वाटेत हरवत होते. लांब वायर लावून अ‍ॅम्पचे ऋण टर्मिनल आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधला फरक मोजला तर तो एकटाच १.३ व्होल्ट भरला, म्हणजे मोठा दोष अर्थिंगमध्ये, प्रवाह गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत होता. मीटर ओहमवर ठेवून अर्थिंग तपासण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण मीटर त्या वेळी अगदी क्षीण प्रवाह सोडतो आणि गंजलेला सांधाही तेवढ्याला वाट देतो. तीस अँपिअर वाहू लागल्यावर सांध्याचे खरे रूप कळते, म्हणून वाजत्या यंत्रणेवर व्होल्ट मोजणे हीच खरी तपासणी.

अर्थिंगची वायर मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली रंगावरच कसलेली होती. हे पाहून ते जरा गंभीर झाले. सीटबेल्टचा बोल्ट माणसाचा जीव सांभाळण्यासाठी असतो, त्याखाली थिंबल (वायरच्या टोकाचे धातूचे कडे) घालून त्याची पकड बिघडवू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि तो बोल्ट पूर्ववत कसून दिला. मग डिकीच्या तळाशी बाजूला नवी जागा निवडली, पॉलिश पेपरने रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशरसह थिंबल घट्ट केले आणि वरून गंजू नये म्हणून ग्रीस लावले. नवी वायर दीड फुटाच्या आत राहिली. त्याआधी त्यांनी स्टेपनी उचलून तिच्या खालचा तळ टॉर्चच्या उजेडात पाहिला. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरात कृष्णेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या डिकीत गाळाचे थर आणि आतून पोखरणारा गंज अजून सापडतो, आणि अशा पत्र्यावर अर्थिंग टिकत नाही. सांगली परिसरात जुनी गाडी घेणाऱ्याने स्टेपनीखाली बघावे, आवाजासाठी नसले तरी.

धन बाजूची वायर ८ गेज म्हणून विकली गेली होती, पण ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची निघाली. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के असते, आणि जाड प्लॅस्टिकच्या आवरणामुळे आतला धातू किती आहे ते बाहेरून कळत नाही. त्यांनी टोक सोलून चाकूने एक तार खरवडली. तांबूस रंग निघून खाली चंदेरी धातू दिसला. तिच्या जागी अस्सल तांब्याची ४ गेज, म्हणजे अधिक जाड वायर बॅटरीपासून डिकीपर्यंत टाकली आणि बॅटरीजवळच वीतभर अंतरावर नवा फ्यूज बसवला. स्टिरिओकडून अ‍ॅम्पकडे सिग्नल नेणाऱ्या आरसीए वायर त्यांनी मुद्दाम गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेल्या. पुन्हा मोजले तेव्हा अ‍ॅम्पवर १३.८ व्होल्ट स्थिर होते.

गेनची कळ, म्हणजे अ‍ॅम्पने आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी कळ, ही आवाजाची कळ नव्हे, हे मी पूर्वी वाचले होते, पण ती नेमकी लावताना प्रथमच पाहिले. ३०० वॉट आणि २ ओहम यांचा गुणाकार ६००, त्याचे वर्गमूळ सुमारे २४.५, तेव्हा अ‍ॅम्पच्या बाहेर तेवढेच एसी व्होल्ट यायला हवेत. वूफर सोडवून, स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांश ठेवून ५० हर्ट्झचा स्वर लावला आणि मीटर २४वर येईपर्यंत गेन हळूहळू वाढवला. ५० हर्ट्झच का, असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले की घरातली वीजही ५० हर्ट्झचीच असते आणि साधे मीटर तिथेच सर्वांत विश्वासू असते. वाजताना कॉइलचा अडथळा स्वरागणिक बदलतो, त्यामुळे हा आकडा अगदी काटेकोर म्हणता येत नाही, पण लहर छाटली जाण्याच्या अलीकडे थांबायला तो पुरेसा आहे.

शेवटचे काम फेज, म्हणजे वूफरची आणि दरवाज्यांतल्या स्पीकरांची लहर एकाच वेळी पुढेमागे होणे, जुळवण्याचे होते आणि तिथे मीटर बाजूला ठेवावे लागले. ८० हर्ट्झची लहर हवेत सुमारे ४.३ मीटर लांब असते. दरवाज्याचा स्पीकर माझ्या कानापासून मीटरभरावर आहे आणि डिकीतला वूफर अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे दोघांचा आवाज लहरीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका मागेपुढे पोहोचतो, त्यात फिल्टरमुळे होणारा उशीर आणखी मिसळतो. अशा वेळी दोन्हीकडून येणारे दाब एकमेकांना खाऊन टाकू शकतात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात बेस हरवतो. मी चालकाच्या जागी बसलो, त्यांनी पखवाजाचा एक तुकडा पुन्हा पुन्हा लावून डिकीतून फेजचे बटण शून्यावरून १८०वर आणि परत असे फिरवले. फरक सांगायला शास्त्रज्ञ असण्याची गरज नव्हती. १८०वर पखवाजाचे अंग भरून आले. दुसऱ्या गाडीत शून्यच बरोबर ठरेल, कारण हे अंतरांवर आणि फिल्टरवर अवलंबून असते, असे त्यांनी बजावून सांगितले.

पेटीची दिशाही बदलली. आधी कोन मागच्या सीटकडे तोंड करून होता. आता तो नंबर प्लेटकडे, मागच्या पत्र्यापासून थोडे अंतर सोडून आहे. सेडानची डिकी सीटच्या पाठीने आणि पार्सल ट्रेने आतल्या भागापासून तोडलेली असते, त्यामुळे हॅचबॅकइतका मोकळा मार्ग वूफरला मिळत नाही, आणि कोन मागे वळवल्यावर आत येणारा बेस बऱ्याच सेडानमध्ये वाढतो, असा त्यांचा अनुभव आहे. माझ्या गाडीत फरक माफक पडला, तरी पडला. मधल्या आर्मरेस्टमागची खिडकी उघडली की तो आणखी वाढतो.

आता डग्ग्याची घसट शेवटपर्यंत ऐकू येते. वूफर मागे आहे हे विसरायला होते. पखवाज समोरच्या काचेपाशी वाजतो आहे असे वाटते, आणि फिल्टर, फेज, पातळी ही तिन्ही जुळली की असेच वाटायला हवे. पेठ नाक्यापर्यंतच्या प्रवासात आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवूनही ऐकण्याचे समाधान जास्त मिळाले.

दुकानाच्या उणिवाही आहेत आणि त्या मोठ्या कामाच्या आड दडवू नयेत. तपासणीचे आकडे ते तोंडी सांगतात, कागदावर देत नाहीत. मी ते स्वतः टिपून घेतले, पण ज्याला यातले कळत नाही त्याच्या हाती फक्त वायर आणि मजुरीचे बिल राहील. ग्राहकाला बसायला धड जागा नाही. मायक्रोफोन लावून गाडीतल्या आवाजाचा आलेख काढण्याची सोय त्यांच्याकडे नाही, त्यामुळे डीएसपी (आवाजावर अंकीय प्रक्रिया करणारे यंत्र) बसवलेली गुंतागुंतीची यंत्रणा असेल तर पुण्याला जावे असे ते स्वतःच सांगतात. नंबर प्लेटमागे त्यांनी फोम लावला, पण पार्सल ट्रेचा बारीक खडखडाट राहिला आहे आणि त्यासाठी ब्युटाइलच्या डॅम्पिंग शीटचे काम वेगळे करून घ्यावे लागेल. ऊस हंगामात कारखान्याला जाणाऱ्या ट्रॅक्टरांवर सिस्टीम बसवण्याची कामे त्यांच्याकडे रांग लावून असतात, त्या काळात मोटारींना थांबावे लागते.

तपासणीचे ६०० रुपये त्यांनी गाडी आत घेण्यापूर्वीच सांगितले होते आणि दोष सापडो वा न सापडो ते द्यावे लागतील असेही स्पष्ट केले होते. मला ही पद्धत योग्य वाटते, कारण तपासणी फुकट असेल तर तिचा खर्च नव्या मालाच्या विक्रीतूनच काढावा लागतो आणि मग सल्ला विक्रीकडे झुकतो. तांब्याची वायर, फ्यूज आणि मजुरी धरून झालेले एकूण बिल, मला सुचवलेल्या नव्या अ‍ॅम्पच्या निम्म्याहून कमी होते. जिथे आपण गाडी देणार तिथे मल्टिमीटर दिसतो का, अर्थिंग कुठे घेणार हे विचारल्यावर उत्तर मिळते का आणि वूफरच्या कॉइल किती ओहमच्या आहेत हे आधी विचारले जाते का, एवढे पाहून दुकान निवडले तर सांगलीतच नव्हे, कुठेही पैसे वाचतील. अशा दुकानात जायचे असेल तर फोन करून वेळ घ्यावी, सकाळी जावे, अ‍ॅम्प आणि वूफर यांची माहितीपत्रके सोबत न्यावीत आणि ज्या संगीतासाठी बेस हवा आहे ते फोनमध्ये चांगल्या प्रतीचे भरून न्यावे, कारण फेजची जुळवणी शेवटी आपल्याच कानाने करायची असते.